गेटावरची बाळंतीण

(धाराशिवला कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय. दोनचार जागी मागाहून नीट केलंय.)



मला इथं कविता म्हणायला बोलावलं होतं. मी म्हणालो, कविता राहू द्या, मला बाळंतपणावर बोलायचंय. तर आपलाच एक दोस्त हसला. म्हणाला, "अरे, हा विषय बायांच्या बैठकीत घे." म्हणजे बघा. ॲट्रॉसिटीवर आपण तासभर बोलतो, स्कॉलरशिपवर बोलतो, आरक्षणावर तर झोपेतसुद्धा बोलतो. आणि आईच्या कळा म्हणलं की माना खाली. मी बोलणार. ज्याला लाज वाटत असेल त्यानं बाहेर जाऊन चहा प्यावा.

मी गोदीत हमाल आहे. मॅट्रिक झालो आणि एकोणिसाव्या वर्षी मुंबई बंदरात कंत्राटदाराच्या टोळीत शिरलो. जहाजाच्या पोटात उतरायचं, पोती नाहीतर लोखंड क्रेनच्या दोराला बांधायचं, वर बघून हाळी द्यायची. मी डॉक्टर नाही, विद्वान तर नाहीच. जे डोळ्यांनी बघितलं ते सांगतो आणि सुटीच्या दिवशी वाचनालयात बसून जे वाचलं ते सांगतो.

१४ एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. ह्या जिल्ह्याला तेव्हा उस्मानाबादच म्हणायचे. त्या आठवड्यात इथल्या स्मशानात ओळीनं चिता पेटत होत्या, हे तुम्ही बघितलंय, मी नव्यानं सांगायला नको. सलग दुसऱ्या वर्षी जयंतीची मिरवणूक नव्हती. आमची वस्ती येरमाळ्याच्या बाजूला, बालाघाटाच्या पोटाला. संध्याकाळी बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या, पोरांना खीर वाटली, संपलं. रात्री आठपासून राज्यात संचारबंदी लागली. आणि नऊच्या सुमाराला माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या पोटात कळा सुरू झाल्या. दुसरं बाळंतपण, माहेरी आलेली. दिवस भरलेले. अंगात रक्त कमी आहे म्हणून आशाताईनं महिन्याआधीच बजावलं होतं, "हिला घरी ठेवू नका, दवाखान्यातच न्यायचं."

ॲम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी कोरोनाचा पेशंट घेऊन गेलीय, परतली की धाडतो म्हणाले. वाट बघितली. शेवटी गावातला कांदे वाहायचा छोटा हत्ती मिळाला. गाडीवाला म्हणाला, "पोलिसानं गाडी धरली तर?" आई त्याच्या पाया पडली. माझी आई कुणाच्या पाया पडत नाही. बाबासाहेबांनी नको सांगितलंय म्हणते. त्या रात्री पडली.

मागं गोधडी टाकली. आक्का, आई, आशाताई मागं, मी ड्रायव्हरशेजारी. पहिल्या दवाखान्यात पोचलो तर गेट आतनं बंद. सळयांमधनं एक माणूस म्हणाला, "आधी कोरोनाचा रिपोर्ट दाखवा." रिपोर्ट कुठला? तपासा म्हणालो. "किट संपल्यात, सकाळी या." आशाताई ओरडली, "पाच-पाच मिन्टाला कळ येतीया, सकाळी काय येता!" तो म्हणाला, "मग वर न्या." हे "वर न्या" तुम्हाला माहितीच आहे. गरिबाला दवाखान्यात नेहमी वरच न्यावं लागतं. वरनं आणखी वर. सगळ्यात वर स्मशान.

दुसऱ्या गेटावर वॉचमन काठी घेऊन उभा. "हितं सगळं कोविडचं केलंय. बाळंतपणं बंद." तिसरा खाजगी होता. डॉक्टर खालीसुद्धा आला नाही. माणसाकरवी निरोप आला, वीस हजार आधी, किटचे पैसे वेगळे. माझ्या खिशात गोदीचा पगार होता, चार हजार. माणूस म्हणाला, "बघा बुवा." मी बघितलं. गाडीत मागं जाऊन आक्काकडं बघितलं. तिची साडी भिजली होती. अंगावरनं पाणी गेलं होतं.

परत फिरलो. अर्ध्या वाटेत आशाताईनं गाडीच्या पत्र्यावर हात आपटला. थांबवा. रस्त्याकडेला एक वस्ती होती. ड्रायव्हर पळत गेला आणि एका म्हातारीला घेऊन आला. मांगवाड्यातली. जुनी सुईण. तिनं रिपोर्ट विचारला नाही. आडनाव विचारलं नाही. तोंडाला पदर बांधला, कढत पाणी मागितलं, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि गाडीत चढली. आशाताईनं मोबाइलचा उजेड धरला. मी तोंड फिरवून रस्त्याकडं बघत उभा राहिलो. आता सांगताना त्याची शरम वाटते. ड्रायव्हरनं, जो मघाशी यायला तयार नव्हता, त्यानं आपला शर्ट काढून लेकराला गुंडाळायला दिला.

पोरगी झाली. रडली. पण वार पडेना. म्हातारी अनुभवी, तिनं ओढाताण केली नाही. म्हणाली, "माझं काम झालं, हिचं हितनं फुडं दवाखान्याचं काम हाय. रगत थांबंना. पळवा." आम्ही त्या दुसऱ्या गेटावर परत गेलो. गाडीच्या फाळक्यावरनं रक्त खाली टिपकत होतं. वॉचमन बघतच राहिला. तेवढ्यात आतनं एक सिस्टर आली. तोंडावर मास्कचे वळ, डोळे तारवटलेले, किती दिवस घरी गेली नसेल कुणास ठाऊक. म्हणाली, "गेट उघड. काय व्हायचं ते माझ्यावर." आत नेलं, वार काढली, सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या रक्त चढवलं. आक्का जगली. त्या सिस्टरला मी आजही मनातनं जयभीम करतो. आणि हे मुद्दाम सांगतोय, कारण इथं कुणीतरी उठून म्हणेल, सगळे दवाखानेवाले हरामखोर. तसं नाही. माणसं दोन्हीकडं होती. गेट मात्र एकच होतं.

आता खरा मुद्दा.

चार दिवसांनी कागद मिळाला. त्यावर लिहिलं होतं, प्रसूतीचे ठिकाण : घरी. मी बाबूला म्हणालो, साहेब, घरी कुठं? रस्त्यावर झाली, तुमच्या गेटावरनं परत पाठवल्यावर झाली. तो म्हणाला, "दवाखान्यात झाली का? नाही ना? मग घरी. आमच्याकडं दोनच खाने आहेत." मी म्हणालो, तिसरा खाना काढा. तो हसला.

दोस्तहो, आमच्या घराचं दार त्या जागेपासून कोसभर नव्हे, तालुकाभर लांब. आणि कागदावर पोरगी घरी जन्मली. उद्या कुणी साहेब जिल्ह्याचे आकडे काढील आणि म्हणेल, ह्या लोकांत अजून अडाणीपणा आहे, बाया घरीच बाळंत होतात, ह्यांचं प्रबोधन केलं पाहिजे! आम्ही तीन गेटं हिंडलो आणि अडाणी आम्हीच. जननी सुरक्षा योजनेत खेड्यातल्या आपल्या बाईला दवाखान्यात बाळंत झाली तर ७०० रुपये, दारिद्र्यरेषेखालची घरी झाली तर ५००. म्हणजे गेट बंद ठेवलं त्याचा दंडही आक्कालाच. आणि आशाताईला दवाखान्यात बाळंतपण झालं तरच त्या कामाचे पैसे. रात्रभर उजेड धरून उभी राहिली, तिच्या हातात काय? कोरोनाच्या कामाचे आशांना केंद्राकडनं महिन्याला हजार रुपये होते. दिवसाचे तेहतीस. जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा कुठं थोडी वाढ मिळाली.

नियम काय होता ते मी नंतर शोधलं. आय.सी.एम.आर.नं ४ सप्टेंबर २०२० च्या सूचनेत स्वच्छ लिहिलंय की तपासणी झाली नाही म्हणून बाळंतपण किंवा कुठलंही तातडीचं काम लांबवायचं नाही, आणि तपासणीची सोय नाही म्हणून गरोदर बाईला दुसरीकडं पाठवायचं नाही. आमच्या रात्रीच्या सात महिने आधीचा कागद! आपल्याला गेटावर कागद मागतात, पण गेटावर आपण मागावा असा कागद असतो हे आपल्याला कुणी सांगत नाही. त्या रात्री तो माझ्या खिशात असता तर? काठी पडली असती, पण मी ओरडून वाचला असता.

दुसरी एक गोष्ट. लस १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली. गरोदर बाईला ती घ्यायची परवानगी मिळाली २ जुलै २०२१ ला. मधल्या एप्रिल-मेमध्ये लाट येऊन गेली. परळला आय.सी.एम.आर.ची प्रजनन आरोग्याची संस्था आहे, तिनं कोरोना झालेल्या गरोदर आणि बाळंत बायांची नोंदवही ठेवली. तिच्यातल्या १५३० बायांचा हिशोब छापून आला. पहिल्या लाटेतल्या ११४३, त्यांत शेकडा ०.७ मेल्या. दुसऱ्या लाटेतल्या ३८७, त्यांत शेकडा ५.७ मेल्या. आठपट. लस पोटातल्या बाईवर आधी तपासली नव्हती म्हणून थांबले म्हणतात. बरं. पण तपासायला तिला घेतलंच नाही, हे कुणी ठरवलं? तिला सांभाळायचं म्हणून बाजूला ठेवलं आणि लाटेत उघडी टाकली.

ही नोंदवही ठेवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांनी मोजलं म्हणून तर मी आज बोलू शकतो. पण त्या वहीत कोण आलं? जी बाई गेटाच्या आत गेली, जिची तपासणी झाली, ती. माझी आक्का कुठल्या वहीत? नाशिकहून सतन्याला पायी निघालेली ती मजूर बाई, मे २०२० मध्ये आग्रा रोडच्या कडेला बाळंत झाली, तास-दोन तास टेकली आणि लेकरू उराशी धरून दीडशे किलोमीटर चालली, ती कुठल्या वहीत? पेपरात आली, दोन दिवस सगळे हळहळले. वहीत नाही.

मी गोदीवाला, म्हणून साथींचा इतिहास मला जरा जवळचा आहे. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आधी दिसला तो मांडवीत, गोदीच्या अंगाला. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झाचे पहिले आजारी सापडले ते गोदीवर पहारा करणारे पोलीस शिपाई. आणि त्या १९१८ च्या साथीत मुंबईत कोण किती मेलं ते गोऱ्या सरकारनं जातीवार मोजलं. युरोपियन हजारी ८.३. बाकीचे हिंदू हजारी १८.९. खालच्या जातीचे हिंदू हजारी ६१.६. हा आकडा पहिल्यांदा वाचला त्या दिवशी मी कामावर गेलो नाही. ६१.६. म्हणजे आपण. गोऱ्यांनी आपल्यावर उपकार म्हणून मोजलं नाही, त्यांना मोजायची सवय होती. पण मोजलं. २०२० ला, २०२१ ला रोज संध्याकाळी आकडे यायचे, जिल्हावार, वयवार. जातवार आकडा एक दिवस आला नाही. साथ जात बघत नाही म्हणाले. अहो, साथ बघत नसेल, गेट बघतं ना!

तेव्हा सगळीकडं एकच घोष होता, अंतर ठेवा, शिवू नका. आम्हाला ते शिकवायला नको होतं. म्हातारी सुईण मला नंतर भेटली. आक्काच्या पोरीचं अंगडं-टोपडं दाखवायच्या निमित्तानं मी मुद्दाम गेलो. ती म्हणाली, "बाबा, वाड्यावरची निम्मी पोरं ह्या हातावर आली. लेकरू हातात दिऊस्तवर मी देव. लेकरू दिलं की माझ्या पाठीमागं पानी शिपडायचे." आणि हसली. मग म्हणाली, "कोरुनात तेच लोक रातचं याचे. मावशी चल, पोरगी अडलीया. दवाखान्याची भीती वाटतीया. म्या गेले. जाऊ नगं तर काय करू?" म्हणजे हातमोजे घातलेले हात मागं सरले तेव्हा परत तेच हात लागले ज्यांना शतकभर विटाळ म्हणलं. आणि आपण बौद्धवाड्यातले तरी काय वेगळे? जयंतीची वर्गणी मागायला मांगवाड्यात जातो का? त्यांच्या जयंतीला आपली पोरं जातात का? मी तरी त्या रात्रीआधी त्या वस्तीत कधी पाय टाकला नव्हता. हे लिहून घ्या, माझ्या नावावर लिहा.

पण त्या म्हातारीचे गोडवे गाऊन "आपलं जुनंच बरं होतं" असं कुणी म्हणू लागला तर मी त्याचा माईक काढून घेईन. ती स्वतः काय म्हणाली? हिचं पुढं दवाखान्याचं काम आहे. वार अडकली की सुईणीच्या हातात काही उरत नाही. मला मोबाइलच्या उजेडातलं बाळंतपण नको. टेबल पाहिजे, डॉक्टर पाहिजे, रक्ताची बाटली पाहिजे. ह्या शहरात २०२२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. २०२३ ला जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. चांगलं झालं की वाईट, त्यावर भांडायला इथं बरेच आहेत. मला रात्री एक वाजता गेट उघडतं का तेवढंच विचारायचंय.

बिनकागदाचं दार आपल्याकडं झालं नाही असंही नाही. जोतिराव-सावित्रीबाईंनी पुण्यात १८६३ मध्ये फसलेल्या ब्राह्मण विधवांसाठी बाळंतपणाचं घर काढलं. ये, गुपचूप बाळंत हो, लेकरू न्यायचं तर ने, नाहीतर ठेव. कुणाची कोण, पोट कुणाचं, काही विचारणं नाही. १८७४ मध्ये अशाच एका विधवेला तिथं झालेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला, यशवंत. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्यानं पुण्याजवळ दवाखाना उघडला, आणि मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोरगं सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथं आणलं. त्यातच त्यांना प्लेग लागला. १० मार्च १८९७ ला गेल्या. आपण त्यांचा फोटो शाळा काढणारी बाई म्हणून लावतो. बाळंतपणं करणारी बाई म्हणून कधी लावला?

बाबासाहेबांचंही तेच. २८ जुलै १९२८ ला मुंबईच्या कायदे मंडळात ते बाळंतपणाच्या रजेच्या बिलावर बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि त्याचा भार बराचसा सरकारनं उचलला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. १९२९ ला कायदा झाला, गिरण्या-कारखान्यांतल्या बायांसाठी. बोलणारा माणूस कोण? ज्याच्या घरात पाच लेकरांतली चार गेली. रमाईचे वडील दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहायचे, म्हणजे आमच्याच धंद्यातले. त्या भाषणाला किती वर्षं झाली ते तुम्ही मोजा. आणि मग माझ्या वहीतली ही बाई ऐका.

वाशी तालुक्यातली, ऊसतोड कामगार. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं तेव्हा ती पश्चिम महाराष्ट्रात फडावर, आठवा महिना. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, उचल दोघांच्या नावावर. बाई बसली तर खाडा. कारखाना चालू होता, म्हणून कोरोना असो नसो, ऊस तुटत होता. राज्यभर लाखावर तोडकरी असे अडकले होते. सरकारनं गावी जायला मोकळीक दिली ती १७ एप्रिलला. मधल्या काळात तिला रक्त दिसलं. मुकादमानं जवळच्या दवाखान्यात नेलं तर विचारलं, माता-बाल कार्ड कुठंय? कार्ड गावात, पत्र्याच्या पेटीत. मुलगा कोपीत झाला, तिसऱ्या दिवशी गेला. बांधाच्या कडेला पुरला. ती म्हणाली, "भाऊ, त्याचं नाव कुठं लिवलंय का बघशील का?" मी बघितलं. नाही लिहिलेलं. जन्माला आल्याचं नाही, म्हणून मेल्याचंही नाही.

ती सांगत होती तेव्हा तिच्या मांडीवर दुसरं लेकरू होतं. आणि दारात कोयता धार लावून ठेवलेला, हंगाम जवळ आला होता.

म्हणून मी वही केलीय. शाळेची दोनशेपानी वही. बाईचं नाव लिहीत नाही, गाव आणि तारीख लिहितो. किती गेटं हिंडली, प्रत्येक गेटावर काय मागितलं, लेकरू कुठं झालं, कुणाच्या हातावर झालं, कागदावर काय लिहिलं. एवढंच. २०२० आणि २०२१ ची बाळंतपणं बायांना अजून तारीखवार पाठ आहेत, पण आणखी दहा वर्षांनी नसतील. मी महिन्यातनं दोनच दिवस गावाकडं येतो, माझ्यानं किती होणार? आणि पुरुष माणसाला बाया सगळं सांगत नाहीत, हे पहिल्याच दिवशी कळलं. आशाताई सोबत असली की सांगतात. तेव्हा पोरी पुढं आल्या पाहिजेत. पोरांनी गाडी चालवावी, चहा आणावा.

वह्या जमल्या की मी त्या बाबूकडं परत जाणार आहे. आक्काची पोरगी आता अंगणवाडीत जाते. तिच्या कागदावरचं "घरी" खोडून तिथं काय झालं ते लिहा, असा अर्ज मी केलाय. त्यानं विचारलं, पुरावा काय? मी म्हणालो, म्हातारी आहे, आशाताई आहे, ड्रायव्हर आहे. त्यानं अर्ज ठेवून घेतला. पोच द्यायला तयार नव्हता. मी उभा राहिलो, तेव्हा शिक्का मारून दिली.

वह्या तिकडं मागं टेबलावर आहेत. कळंब, वाशी आणि भूमच्या लोकांनी जेवणाच्या सुटीत मला भेटा. परंड्याचं कुणी आलं असेल तर तेही. उमरगा-लोहाऱ्याकडं माझी ओळख नाही, तिकडनं कुणी पोरगी तयार असेल तर आत्ताच हात वर करा.